डोमाजीचा डोळा आणि हवालदाराचं रक्त

डोमाजी बैलाशी बोलायचे तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. माणसाशी बोलायचे तेव्हा समोरच्याला कान पुढे करावा लागायचा.

"सरक ना बाप्पा! माहा पाय हाये तुह्या खुराखाली. सरकाले काय पत्रिका धाडू तुले?"

आणि बैल सरकायचा. मग त्याच बैलाचा धनी विचारायचा, "काय झालं जी त्याले, डोमाभाऊ?" तर डोमाजी जमिनीकडे बघत पुटपुटणार, "पोट धरलं. होते बरं." संपलं.

अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे गुरांचा सरकारी दवाखाना होता, लोक त्याला ढोरांचा दवाखाना म्हणत. डोमाजी कागदावर तिथले ड्रेसर आणि लोकांच्या तोंडी कंपाउंडर. मूळचे अकोल्याकडचे. सोळाव्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात फरशी धुवायला लागले. कापसाच्या गाड्यांचे बैल यायचे, कुणाचा खांदा सुजलेला, कुणाच्या खुरात खिळा. बादली बाजूला ठेवून हा पोरगा बैलाचं डोकं धरून उभा राहायचा. अशाच एका बैलाने त्यांचे समोरचे दोन दात नेले. माणसांशी कमी बोलायची सवय बहुतेक तेव्हाची. बैलांना दातांचं काही वाटत नसावं.

अमरावतीला बदली झाली तोवर त्यांचा 'डोळा' प्रसिद्ध झाला होता. शेण पाहून ते सांगत, गाय कुठल्या वावरात चरून आली. चाल पाहून सांगत, दुखणं खांद्यात आहे की खुरात. घरी पार्वताबाईंना मात्र या डोळ्याचं कौतुक नव्हतं.

"शेनातलं सारं दिसते तुमाले," त्या म्हणायच्या, "माह्या अंगावरचं लुगडं विरलं, ते नाही दिसत."

"दिसते," डोमाजी भाकरीकडे बघत म्हणायचे. "बोलत नाही."

बासष्ट साली दवाखान्यात नवे डॉक्टर आले, कमलाकांत ठोसर. नागपूरच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, खिशाला दोन पेनं. त्यांनी आल्या आल्या लाकडाचा एक स्टँड टेबलावर ठेवला. त्यात तोंड बंद केलेल्या काचेच्या आठ नळ्या होत्या. पहिलीतलं पाणी जेमतेम पिवळं, आठवीतलं हळद कालवल्यासारखं.

"डोमाजी, हे काय आहे सांगा."

"सरबत."

डॉक्टर हसले. "औषधाचे केशरी खडे कमीजास्त विरघळवून बनवलंय. लिव्हर कळतं ना तुम्हाला?"

"कलेजी."

"बरोबर. अंगातलं जुनं रक्त रोज मोडतं, त्यातून पिवळा रंग निघतो. कलेजीचं एक काम म्हणजे तो रंग उचलून पित्तात टाकायचा. कलेजी थकली की रंग रक्तात साचतो. डोळे पिवळे होतात ते नंतर, रक्त आधी सांगतं."

"रक्त तं लाल असते, साहेब."

डॉक्टरांनी अंगणातल्या एका गाईचं रक्त कोरड्या नळीत घेतलं आणि नळी तिरपी ठेवून दिली. दोन तासांनी लाल ते गोठून खाली बसलं आणि वर पातळ, पिवळसर, नितळ असं काही सुटून आलं. सीरम म्हणतात त्याला, डॉक्टर म्हणाले. ते दुसऱ्या नळीत ओतून त्यांनी खिडकीच्या उजेडात आठ नळ्यांशेजारी धरलं.

"कुठल्या नंबराशी जुळतं?"

डोमाजींनी एक डोळा मिटला. "तीनच्या जरासक वर."

"शाबास. तीन-चार. गाय ठणठणीत आहे."

डोमाजींना हे काम भलतंच आवडलं. यात बोलावं लागत नव्हतं, नुसतं बघायचं. वर्षभरात त्यांनी दीडशेवर जनावरांचं रक्त उजेडात धरलं असेल. सगळ्या गाई, बैल, आणि टांग्याचे चार-दोन घोडे. तीन-चार नंबर आला की ते मान हलवत आणि एकच शब्द बोलत, "पास."

त्रेसष्टच्या भाद्रपदात, पोळा होऊन आठवडा झाला असेल, नांदगाव खंडेश्वरकडे घटसर्पाची साथ आली. डॉक्टर लस टोचायला तिकडे गेले आणि दवाखाना डोमाजींवर राहिला. त्याच सकाळी माणिकबाई आल्या.

माणिकबाई फुलवाल्या. गावाबाहेर त्यांचा अर्ध्या-पाऊण एकराचा मळा होता, त्यात शेवंती, झेंडू, थोडी कोथिंबीर, थोडी वांगी. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती सत्यवती अकोल्याला दिलेली. डोक्यावर रिकामी टोपली तशीच ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या.

"डोमाभाऊ, हवालदाराले आनलं जी. लय बिमार हाये."

डोमाजी गडबडीने उठले, खुर्ची पुसली, दाराबाहेर वाकून पाहिलं. "कोन्या ठान्याचे?"

"अजी हा काय! पायाशी बसला."

दोरीच्या टोकाला खाकी रंगाचा एक कुत्रा बसला होता. एक कान फाटलेला, मिश्या पांढऱ्या. माणिकबाईंचा मळा तोच राखायचा, म्हणून हवालदार.

जनावर दिसल्याबरोबर डोमाजींचा आवाज मोठा झाला. ते फतकल मारून खालीच बसले. "काहून बे हवालदार? ड्युटीवर झोपते तू?"

हवालदाराने शेपूट एकदा हलवलं. दुसऱ्यांदा हलवायचा विचार केला आणि सोडून दिला.

"चार दिस झाले, खात नाही," माणिकबाई म्हणाल्या. "खाल्लं तं ओकते. काल रानडुक्कर घुसलं कोथिंबिरीत, हा निसता पाहत बसला. आजवर असं झालं नव्हतं." टोपली खाली ठेवून त्या उंबऱ्यावर बसल्या. "डोमाभाऊ, माही सत्यवती दर महिन्याले कारड धाडते. माय, एकटी मळ्यात राहू नको, अकोल्याले ये. मी म्हन्ते, एकटी कुठी हाये? हवालदार हाये ना. आता हा गेला तं काय सांगू तिले? ते येऊन घेऊनच जाते मले. मंग मळा कोनाच्या तरी घशात. मी तठी जावयाच्या वसरीत बसून काय करू? गहू निवडू?"

डोमाजी हवालदाराकडे वळले. त्यांनी त्याच्या पुढच्या पायाची शीर दाबली आणि रक्त घेतलं. कुत्र्याने त्यांचं मनगट चाटलं.

"अबे, सुई टोचली तुले मी. चाटून काय राहिला?"

दोन तास माणिकबाई कडुलिंबाखाली बसून राहिल्या. मग डोमाजींनी नळी खिडकीशी धरली, एक डोळा मिटला. तीन नंबर. बरोब्बर तीन.

"पास," ते म्हणाले, आणि बाईचा चेहरा पाहून त्यांनी आज चार शब्द जास्तीचे खर्च केले. "कलेजी साफ हाये. निसती अशक्ती. तूप चारा. मटनाचा रस्सा द्या."

माणिकबाईंनीही नळीत डोकावून पाहिलं. रंगांचं त्यांना कळत होतं, सारा जन्म फुलांत गेला होता. "फिक्की शेवंती व माय," त्या म्हणाल्या. "छान रंग हाये नाही?"

"छान," डोमाजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्याच्या बैलबंडीत बसून आल्या. हवालदार त्यांच्या मांडीवर होता, पोत्यात गुंडाळलेला.

"तूप चारलं जी. साजूक, पावशेर! मंग तं आनखीनच ओकला."

डोमाजींनी कुत्र्याचा ओठ उचलला. हिरड्या पिवळ्या. पापणी खाली ओढली, डोळ्याचं पांढरं झेंडूच्या पाकळीसारखं. रक्त घेतलं. दोन तासांनी सीरम पाच नंबरशी जुळलं.

परवा तीन होतं. तीन म्हणजे पास. पास झालेली कलेजी दोन दिवसांत अशी कशी बसली? दीडशे जनावरांत असं एकदाही झालं नव्हतं. डोमाजी त्या आठ नळ्यांसमोर उभे राहिले आणि कधी नव्हे तो त्यांना आपल्याच शब्दाचा संशय आला. पास म्हणजे कोणाचं पास? गाईचं, बैलाचं, घोड्याचं. धडधाकट कुत्र्याचं रक्त आपण पाहिलंय तरी का कधी?

दवाखान्याला लागूनच केशवराव वकिलांचं घर होतं. त्यांच्या व्हरांड्यात टायगर नावाचा घोड्याएवढा अल्सेशियन बांधलेला असे. डोमाजी तिथे जाऊन उभे राहिले, हातात सुई आणि नळी.

"कुत्र्याचं रक्त पाह्यजे होतं, साहेब," ते पायातल्या वहाणांना म्हणाले.

केशवरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "का? काय झालंय टायगरला?"

"काईच नाही."

"काही झालं नाही, मग रक्त कशाला?"

"काई झालं नाही, म्हनूनच."

"डोमाजी, निर्दोष इसमाचं रक्त सांडायला कारण लागतं. आम्ही कोर्टात तरी तसंच म्हणतो."

"दुसरा एक मरून राहिला," डोमाजी म्हणाले, आणि या वेळी ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. "मरून राहिला म्हनून मी म्हनतो. पन जगनाऱ्याचं कसं असते, ते मी पाह्यलंच नाही कधी."

केशवरावांनी उठून स्वतः टायगरचा पट्टा धरला.

पुन्हा दोन तास गेले. टायगरच्या नळीत रक्त गोठून बसलं आणि वर जे सुटलं, ते पाहून डोमाजींना वाटलं, नळी धुताना आत पाणी राहिलं. ते सीरम त्यांनी स्वच्छ पुसलेल्या दुसऱ्या नळीत ओतलं. तरी तेच. केशवरावांचं वर्तमानपत्र मागून आणून नळीमागे धरलं. अक्षरं दिसली, अगदी बारीक टायपातलीसुद्धा. त्यात रंग नव्हताच. एक नंबरपेक्षाही फिकं.

धडधाकट कुत्र्याचं सीरम पाण्यासारखं असतं. म्हणजे परवाची ती तीन नंबरची फिकी शेवंती, ती पास नव्हती. परवाच कावीळ लागलेली होती. आणि आपण सांगितलं, तूप चारा.

माणिकबाई अंगणात कडुलिंबाखाली होत्या. कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन, पदराने माशा वारत.

"माय," डोमाजी म्हणाले. बैलांशी बोलायचा तो आवाज पहिल्यांदाच माणसासाठी निघाला, अंगणातली दोन गुरं दचकली. "मी चुकलो. परवाच बिमारी दिसून राहिली होती नळीत. मले समजली नाही."

माणिकबाईंचा हात थांबला. "मंग तूप?"

"ते बी चूक. बिघडल्या कलेजीले तूप झेपत नसते."

"माह्या हातानं चारलं मी." त्यांनी कुत्र्याच्या पोटावरून हात फिरवला. मग वर बघत म्हणाल्या, "साऱ्या गावात तुमच्या डोळ्याचं नाव. कुठी ठेवला होता त्या दिवशी?"

"गाईवर," डोमाजी म्हणाले. "जलमभर गाईवरच होता, माय."

"मंग आता कुत्र्यावर आना!"

डोमाजींनी कुत्रा उचलला, आपल्या घरी नेला, ओसरीवर पोतं अंथरून त्यावर ठेवला. पार्वताबाईंना एवढंच म्हणाले, "मी येतो तोवर पानी पाजजो. तूप-तेल काई नको." माणिकबाईंना विचारून घेतलं, कुत्रा काय काय खायचा. मग तिन्ही नळ्या, परवाची, आजची आणि टायगरची, टॉवेलात गुंडाळून डब्यात घातल्या आणि दुपारच्या एस. टी.त बसले. खिडकीशेजारच्या माणसाने विचारलं, "डब्यात काय हाये जी, लोनचं?" डोमाजी म्हणाले, "हाव," आणि डबा पोटाशी धरून नांदगाव खंडेश्वरला उतरले.

शाळेच्या आवारात बैलांची रांग लागली होती. डॉक्टरांच्या शर्टावर शेणाचे शिंतोडे, हातात पिचकारी. तिन्ही नळ्या त्यांनी एकापाठोपाठ उन्हात धरल्या. मग पिचकारी खाली ठेवली.

"डोमाजी, गाईचं तूप कसं असतं?"

"पिवळं."

"म्हशीचं?"

"पांढरं."

"का?"

"जातच तशी."

"गाय हिरवा चारा खाते. त्यातला पिवळा रंग तिच्या तुपात उतरतो, तसाच रक्तातही राहतो. गाईचं सीरम धडधाकटपणीच पिवळं असतं. घोड्याचंही पिवळसर असतं. कुत्र्याचं तसं नाही. त्याच्या सीरमला स्वतःचा रंग नसतो, म्हणून तिथे दिसेल तेवढा पिवळा रंग हा रोगाचा." डॉक्टरांनी नळ्या परत टॉवेलात गुंडाळल्या. "मी तुम्हाला गाई दाखवल्या. कुत्र्याचं सांगितलंच नाही. चूक माझी आहे."

"तुमची कशी? पास मी म्हनलं."

"बरं, अर्धी अर्धी घेऊ," डॉक्टर म्हणाले. "काय खात होता तो?"

"शेंगदान्याची ढेप, साहेब. बाईनं गाईसाठी आनली होती. पान्यानं भिजली, हिरवी बुरशी धरली, तं गाईनं तोंड फिरवलं. बाईले वाटलं, वाया कायले जाऊ द्या. भाकरीत कालवून यालेच चारली. महिनाभर."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. विलायतेत टर्की म्हणून मोठे पक्षी पाळतात, ते शेंगदाण्याची असलीच बुरशी धरलेली पेंड खाऊन हजारोंनी मेले असं त्यांनी वाचलं होतं. "खात्रीनं नाही सांगत. पण ती ढेप आधी बंद. सलाईन-ग्लुकोजची बाटली लावा, ब जीवनसत्त्वाची सुई. गुरगुट्या भात आणि लोणी काढलेलं ताक, चमच्याचमच्यानं."

"वाचंल का तो, साहेब?"

"पाचावर आहे. सहावर थांबला तर आशा. आठ झाला, तर माझ्याकडेही काही नाही."

संध्याकाळच्या गाडीने डोमाजी परतले, तेव्हा पार्वताबाई वाटी-चमचा घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. पलीकडे माणिकबाई. जात, आडनाव, माहेर, सासर, सगळं एकमेकींचं विचारून झालेलं दिसत होतं.

"याले ताक पाजू का?" पार्वताबाईंनी विचारलं.

"तुले कोनं सांगतलं ताकाचं?"

"कावीळ झालेल्या मानसाले काय देते आपन? कुत्र्याले काय येगळं पोट असते?" मग माणिकबाईंकडे वळून, "डोळा यांचा हाये, अक्कल माही."

पुढचे दिवस डोमाजींनी मोजले ते नंबरांनी. दुसऱ्या दिवशी साडेपाच. तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी त्यांनी नळी खिडकीशी धरली, तशा माणिकबाई जवळ सरकल्या.

"सांगा."

"सहा."

"काल बी सहाच होता."

"हाव. थांबला."

पाचव्या दिवशी पुन्हा सहा. सहाव्या दिवशी माणिकबाईंनीच आधी सांगितलं, "कालचा झेंडू जरासक उतरला जी." पाच होता. त्याच दुपारी हवालदाराने ताकभाताची वाटी चाटून पालथी केली, आणि पार्वताबाईंनी नवऱ्याच्या वाट्याचं ताकही त्याला घातलं.

डॉक्टर नांदगावहून आले, त्यांनी रजिस्टर उघडलं. डोमाजींना अक्षर फार येत नसे. नंबर लिहीत, आणि शेजारी माणिकबाई सांगत तेही लिहीत. 'पाच, झेंडू उतरता.' 'चार, पिवळी शेवंती.' 'तीन, फिक्की शेवंती.' डॉक्टरांनी पान वाचलं आणि काही न खोडता सही केली.

"एक कागद लिहून द्या, साहेब," डोमाजी म्हणाले. "स्टँडले चिकटवतो."

"काय लिहू?"

"गाय-बैल, तीन-चार पास. कुत्रा, पान्यावानी असला तरच पास." मग खाली बघत, "आन् लिहा, डोमाजी एकदा चुकला, तुमी चुकू नका."

"हे कशाला? अर्धी चूक माझी ठरली होती ना?"

"तुमची बदली होईन. मी अठीच राहीन. मागून येनाऱ्यानं कोनाले विचारावं, त्याचं नाव नको?"

डॉक्टरांनी लिहिलं. डोमाजींनी भाताच्या खळीने कागद चिकटवला. पुढे अनेक वर्षं गाई-बैल घेऊन येणारे लोक तो वाचून हसायचे आणि डोमाजी त्यांना हसू द्यायचे.

माणिकबाई हवालदाराला घेऊन मळ्यात परत गेल्या, पण दर सोमवारी येत राहिल्या. येताना दवाखान्याच्या टेबलासाठी चार फुलं, टायगरसाठी एक भाकर. सत्यवतीचं कार्ड मध्ये येऊन गेलं होतं, दसऱ्याला न्यायला येते, सामान बांधून ठेव. उत्तर धाडायचं बाईंनी थांबवून ठेवलं होतं.

दसरा चार दिवसांवर असताना त्या आल्या. झेंडूच्या तोडणीचे दिवस, हात पिवळे झालेले. डोमाजींनी रक्त घेतलं. हवालदार या वेळी गुरगुरला, आणि डोमाजींना त्याचा आनंद झाला.

"ओरड बे, ओरड! आता कसा हवालदार दिसते!"

दोन तासांनी सीरम दुसऱ्या नळीत ओतून ती त्यांनी खिडकीशी धरली. एक डोळा मिटला. मग तो उघडून नळी माणिकबाईंच्या हातात दिली.

"तुमी सांगा."

माणिकबाईंनी ती पिवळ्या बोटांत धरून उजेडाकडे नेली, खाली केली, पदराने पुसली, पुन्हा धरली. मागची खिडकी दिसत होती, खिडकीतला कडुलिंब दिसत होता.

"याच्यात तं काईच दिसत नाही जी."

"हाव," डोमाजी म्हणाले. "काईच नाही."

बाहेर हवालदार एका बैलावर भुंकायला लागला. बैलाचा धनी ओरडला, "कोनाचा हाये बे हा कुत्रा?"

"माहा!" माणिकबाई खिडकीतूनच ओरडल्या. मग पदराने डोळे टिपून त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "डोमाभाऊ, दोन ओळी लिहून द्या सत्यवतीले."

डोमाजींनी टाक शाईत बुडवला. "काय लिहू?"

"लिहा, दसऱ्याले ये, पुरनपोळी खाऊन जाय. सामान बांधलं नाही. हवालदार ड्युटीवर हाये."